चिंचेवरच्या वाघळांचा ठराव

१ मेच्या ग्रामसभेत नळाचं पाणी, घरकुलाची यादी आणि पांदण रस्ता यांवर भांडून लोक दमले होते. मंडपाच्या कापडातून ऊन खाली उतरत होतं. सचिवांनी सातवा विषय एका दमात वाचला, 'शाळेमागील चिंचेवरील वटवाघळांचा बंदोबस्त करणेबाबत', आणि इतका वेळ मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली माणसं एकदम जागी झाली.

"बाप्पा, थे पाण्याच्या टाकीवर हगतेत. पोरं थेच पानी पेतेत." "केरळात काय झालं तं टीव्हीवर पायलं नाई का?" तिसऱ्यानं थेट हिशेब मांडला, "चिंच बी बुढी झाली. तोडा अन् विका, पंचायतीले चार पैशे भेटतीन." मागे बसलेली एक म्हातारी एवढंच म्हणाली, "माह्या सासूच्या लग्नात बी थे वाघळं तेथीच होते." ती ठरावाच्या बाजूनं बोलली की विरोधात, कोणालाच कळलं नाही. विषय १५ ऑगस्टपर्यंत तहकूब झाला.

सभेत मी गप्प बसलो होतो. सातव्या विषयापर्यंत माझंही डोकं तापलं होतं. म्हणून आता लिहितो. ती चिंच तोडू नये आणि वाघळांना हुसकावू नये, असं माझं मत आहे. हे मत भूतदयेतून आलेलं नाही. टाकी, आजार आणि पैसा, ही सभेत निघालेली तिन्ही कारणं नीट तपासली तर त्यांच्यातूनच चिंच राखायचं कारण निघतं, असं मला दिसतं.

आधी एक कबुली देतो. लहानपणी मलाही वाघळांची धास्ती होती. दिवेलागणीला बाहेर निघालो की आबाजी टोपी घालायला लावायचे. वाघूळ केसात अडकलं तर सोडवता येत नाही, डोकं भादरावं लागतं, हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं होतं की मी विशीत जाईपर्यंत त्यावर शंका घेतली नाही. आमच्याकडे मोठं ते वाघूळ आणि लहान ती पाकोळी. हिंदीच्या शेजारानं आलेलं 'चमगादड' दोघांनाही चालतं. घरात अचानक पाहुणे आले आणि खाटा कमी पडल्या की अजून कोणीतरी म्हणतंच, "चमगादडाच्या घरी पाहुना, आमी बी लटकतो, तुमी बी लटका."

वाघूळ मी जवळून पाहिलं ते मेलेलं. दोन वर्षांपूर्वी मार्चअखेर आमच्या वावराच्या धुऱ्यावरून गेलेल्या विजेच्या तारांत ते अडकलं होतं. याच्या पंखांचा पसारा चार फुटांच्या वर जातो. एका पंखाला एक तार आणि दुसऱ्याला दुसरी लागली की खेळ संपतो. लाइनमननं बांबूनं खाली पाडलं. तोंड कुत्र्याच्या पिलासारखं, मानेभोवती तांबूस-पिवळी लव, डोळे मोठे आणि उघडेच. पंख ताणून उन्हात धरला तेव्हा आतली बोटं दिसली. मोजली तर चार. पाचवं बोट म्हणजे अंगठा, तो वर मोकळा आणि त्याला आकडी. अर्ध्या इंचाच्या बोटांना कोणी हात हात ओढून लांब करावं आणि मध्ये छत्रीचं कापड ताणावं, असा तो पंख. याला पंख म्हणणं खरं तर सवलतच आहे, तो हात आहे. मग लाइनमन म्हणाला, "भाऊ, हे पाहा." मादीच्या काखेजवळ स्तनाला तोंडात धरून एक पिल्लू चिकटलेलं होतं. जिवंत. त्याचं काय करायचं हे दोघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. संध्याकाळपर्यंत ते जगलं.

त्यानंतर मी वाचायला लागलो. पहिली कळलेली गोष्ट म्हणजे या जातीची मादी वर्षाला एकच पिल्लू देते. ते साधारण फेब्रुवारी ते मे या काळात जन्मतं आणि पहिले काही आठवडे आईच्या अंगालाच लटकून फिरतं. आपण 'उंदरासारखा प्राणी' म्हणून वाघळाकडे पाहतो. उंदीर वर्षभरात घर भरून टाकतो. त्याला मारा, तो परत भरून निघतो. वाघळांच्या वस्तीतून एका उन्हाळ्यात शंभर माद्या गेल्या तर ती खोट भरायला कित्येक वर्षं लागतात. कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात आमच्याच गावातल्या काही पोरांनी भर दुपारी चिंचेखाली सुतळी बॉम्ब लावले होते. अख्खी वस्ती उन्हात उठली, आभाळ काळं झालं, आणि खाली पिल्लं टपटप पडली. महिनाभर झाड अर्धं रिकामं होतं. नंतर ती परत आली, कारण अख्ख्या वस्तीला एकत्र राहता येईल असं दुसरं झाडच जवळपास उरलेलं नाही.

आजार हा मुद्दा मी टाळणार नाही, कारण लोकांची भीती पोकळ नाही. निपाह विषाणूचा नैसर्गिक वाहक म्हणून जी वाघळं ओळखली जातात, त्यांतलीच आपली चिंचेवरची जात. २०१८ मध्ये कोझिकोड भागात १७ माणसं गेली. महाराष्ट्रातही, २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतून घेतलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला निपाहविरुद्धची प्रतिपिंडं सापडली, म्हणजे तिथल्या वाघळांचा त्या विषाणूशी कधीतरी संबंध आला होता. हे लपवून वाघळांची वकिली करणारे लोक वाघळांचंच नुकसान करतात.

पण आजार आहे म्हणून झाड तोडा, या सल्ल्याचं काय होतं ते दुसऱ्यांनी करून पाहिलेलं आहे. युगांडात किटाका नावाच्या खाणीत मारबर्ग नावाचा भयंकर ताप खाणकामगारांना झाला. खाणीत वाघळं होती. २००८ मध्ये ती मारून-पळवून खाण मोकळी केली. चार वर्षांनी जवळच्याच गावात मारबर्गची आणखी मोठी साथ आली. मधल्या काळात खाणीत नवी वाघळं येऊन राहिली होती. ती तपासली तेव्हा पूर्वी शंभरात पाचेक बाधित निघायची, आता तेराच्या वर निघाली. जुनी, विषाणू पचवून बसलेली वस्ती गेली आणि तिच्या जागी कोरी, तरुण वस्ती आली. आगीला नवं गवत मिळालं.

ऑस्ट्रेलियात वाघळांकडून घोड्यांना आणि घोड्यांकडून माणसांना हेंड्रा नावाचा आजार होतो. तिथल्या पंचवीस वर्षांच्या नोंदींचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या वर्षी जंगलात हिवाळी फुलोरा नव्हता त्यानंतर उपाशी वाघळं गावांकडे आणि घोड्यांच्या कुरणांकडे सरकली, आणि आजार उसळला. ज्या हिवाळ्यात रानात भरपूर फुलं आली, त्या हिवाळ्यात तो थांबला. विषाणू वाघळात असतोच. वाघूळ उपाशी आणि बेघर झालं की तो जास्त बाहेर पडतो. आता आपण शाळेमागची चिंच तोडली तर त्या चारेकशे वाघळांचं काय होईल? ती मरणार नाहीत. भेदरून, पांगून, पाच गावांत दहा झाडांवर जातील. त्यातलं एखादं झाड कोणाच्या अंगणात असेल, एखादं गोठ्यावर.

मग टाकीचं काय? मी जाऊन पाहिली. टाकी चिंचेपासून चाळीस पावलांवर आहे आणि तिच्या तोंडावर झाकण नाही. पूर्वी होतं, गंजून पडलं. त्या उघड्या तोंडातून कबुतरं, पाली, धूळ आणि वाघळांची विष्ठा सगळंच आत जातं, आणि सातव्या विषयात नाव आलं ते एकट्या वाघळाचं. पत्र्याच्या झाकणाला वेल्डिंगवाला काय घेतो तेही विचारून आलो. आकडा सभेतच सांगेन, पण चिंच तोडणाऱ्याच्या दोन दिवसांच्या मजुरीत ते झाकण होऊन जातं.

पथ्यंही अवघड नाहीत. वाघळानं उष्टावलेलं फळ खाऊ नये. आम्ही पोरं वाघळानं चावलेला पेरू गोड म्हणून शोधून खायचो, ते आता बंद. पडलेल्या वाघळाला उघड्या हातानं उचलू नये. चावलं, ओरखडलं तर साबणाच्या पाण्यानं धुऊन कुत्रा चावल्यासारखंच इंजेक्शन घ्यायला जावं. मी त्या दिवशी ते पिल्लू उघड्या हातांनी घरी आणलं, तो मूर्खपणा होता. आणि वाघळाच्या चरबीनं सांधे मोकळे होतात, मांसानं दमा जातो, या समजापायी गुलेरीनं वाघळं पाडायची आणि मग त्यांच्यापासून आजार येतो म्हणायचं, यातलं एक तरी सोडावं. गडचिरोलीच्या दक्षिणेला ताडीची आणि गोरग्याची (हेही ताडासारखंच रस देणारं झाड) मडकी झाडाला रात्रभर लटकतात. बांगलादेशात कच्च्या शिंदीच्या रसातून निपाह माणसांत आला, तेव्हा तिथे मडक्याच्या आणि खाचेच्या भोवती बांबूची झापडं बांधून पाहिली. वाघूळ रसापर्यंत पोचत नाही असं दिसलं. बुरडाच्या तासाभराच्या कामाची ही गोष्ट.

वाघळाची बदनामी जुनी आहे. मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायात कोणती चोरी केली की कोणता जन्म येतो याची यादी आहे. सुती कापड चोरणारा क्रौंच होतो आणि गूळ चोरणारा वाग्गुद. टीकाकार वाग्गुद म्हणजे वटवाघूळच सांगतात. (कापसाच्या मुलखात बसून ही यादी वाचताना मला सतत वाटत होतं की कापूस पिकवणाऱ्याला लुबाडणारा कोणत्या जन्माला जातो, तेही लिहायला हवं होतं.) स्वतंत्र भारताच्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं फारसं वेगळं केलं नाही. त्याच्या पाचव्या अनुसूचीत पीडक म्हणून जे होते त्यांत कावळा, उंदीर आणि फळं खाणारी वटवाघळं. कोणीही, केव्हाही मारावं. एखाद-दुसऱ्या दुर्मीळ जातीला तेवढा अपवाद. पन्नास वर्षं हे असंच चाललं. २०२२ च्या दुरुस्तीनं ती पीडकांची अनुसूचीच काढून टाकली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती दुरुस्ती लागू आहे. सभेत 'बंदोबस्त' हा शब्द वापरणाऱ्यांपैकी कोणाला हे माहीत नव्हतं. सचिवांनाही नव्हतं, आणि त्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या टेबलावर एका महिन्यात जेवढी परिपत्रकं येतात तेवढी मी वर्षात वाचत नाही.

लोकांच्या समजांबद्दल मात्र मला आदर आहे, कारण ते बहुधा डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर उभे असतात. 'वाघूळ ज्या तोंडानं खातं त्याच तोंडानं हगतं' हे आपल्याकडे सगळे मानतात. चुकीचं आहे. विष्ठेच्या वेळी ते अंगठ्याच्या आकडीनं फांदी धरून सरळ होतं. पण सकाळी चिंचेखाली जाऊन बसा. जमिनीवर बोटाच्या पेराएवढे चपटे, कोरडे गोळे पडलेले दिसतील. उचलून (काडीनं) उकला, आत उंबराचा, जांभळाचा नुसता चोथा. वाघूळ फळ टाळूवर दाबतं, रस गिळतं आणि चोथा थुंकतं. हलकं राहायला हवं ना, उडायचं आहे. उलट्या टांगलेल्या प्राण्याच्या तोंडातून विष्ठेसारखं काही पडताना ज्यानं पहिल्यांदा पाहिलं, त्यानं काढलेला निष्कर्ष चुकला, पण त्याचं पाहणं खरं होतं. मला तरी ती म्हण तशीच जन्मली असावी असं वाटतं.

आणि त्या थुंकण्या-हगण्यातच गावातली निम्मी वडा-पिंपळाची झाडं आहेत. वड, पिंपळ, उंबर यांचं बी वाघळाच्या पोटातून अर्ध्या तासाच्या आत बाहेर पडतं, आणि तेवढ्यात ते बरंच अंतर उडून गेलेलं असतं. जुन्या विहिरीच्या भिंतीत, देवळाच्या कळसात, ताडाच्या बेचक्यात उगवलेला पिंपळ कोणी लावलेला नसतो. पूर्वेकडे, चंद्रपूर-गडचिरोली-गोंदियाकडे, मोहाची गोष्ट तर याहून मोठी. मोहाचं फूल रात्री उमलतं. वाघळं त्याची गोड, मांसल पाकळी ओढून खातात आणि परागकण या झाडावरून त्या झाडावर नेतात. पुढे फळ पिकलं की तेही उचलून दुसऱ्या झाडावर नेऊन खातात आणि बी तिथे टाकतात. पहाटे टोपली घेऊन मोहाखाली जाणाऱ्या बाया आणि रात्रभर वर धुडगूस घालून गेलेली वाघळं एकाच झाडावर जगतात. मोहफूल वेचायचा हक्क ग्रामसभांना वनहक्क कायद्यानं मिळाला, त्यासाठी माणसं वर्षानुवर्षं भांडली. मोहाला फळ धरायला लावणाऱ्याचं नाव त्या कागदांत कुठेच नाही.

आता आमच्या कापसाच्या पट्ट्याकडे येतो, इथे चिंचेवरच्या वाघळापेक्षा कवेलूखालची, म्हणजे कौलांखालची, पाकोळी महत्त्वाची. ही अंगठ्याएवढी, काही ग्रॅम वजनाची, आणि फळाला तोंडही न लावणारी. ती किडे खाते. कवेलूच्या फटीत, माळवदाच्या सांध्यात, पडक्या गढीच्या भिंतीत दिवस काढते आणि दिवस बुडाला की बाहेर. ती आंधळी नाही, पण अंधारात डोळ्यांवर विसंबत नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी इटलीत स्पालान्झानी नावाच्या शास्त्रज्ञानं वाघळांचे डोळे झाकले, काढलेसुद्धा, तरी ती न धडकता उडाली. कान बंद केले तेव्हा मात्र ती चुकली. ती आवाजानं पाहतात हे १९४० च्या आसपास अमेरिकेत ग्रिफिन आणि गॅलाम्बॉस या संशोधकांनी सिद्ध केलं. आपल्याला ऐकू न येणारी हाळी पाकोळी देते आणि पतंगावरून परत आलेला पडसाद ऐकून त्याच्यावर झडप घालते. जवळ जाईल तशी हाळ्या इतक्या घाईनं येतात की त्यांची एक सलग घरघर होते. ओसरीतल्या दिव्याभोवती ती वेड्यासारखी वळणं घेते ना, तेव्हा प्रत्येक वळणावर काहीतरी मरत असतं. तुमच्या केसांत तिला काडीचाही रस नाही.

२०१७ सालचा खरीप आमच्याकडे कोणी विसरलेलं नाही. बीटी कापसाला गुलाबी बोंडअळीनं पोखरलं. अळी बोंडाच्या आत, फवारा बाहेर. घाबरलेल्या माणसांनी दोन-दोन, तीन-तीन औषधं एकात मिसळून, माणसापेक्षा उंच वाढलेल्या पऱ्हाटीत शिरून फवारली. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसेक शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं गेले, शेकडो दवाखान्यांत पडले. बोंडअळीचा पतंग रात्री उडतो, रात्रीच अंडी घालतो. पाकोळ्यांनी आपली बोंडअळी संपवली असती असं मी म्हणणार नाही. तसा दावा करायला आपल्याकडे कोणी नीट मोजलेलंच नाही, आणि फरदड ठेवायची (हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी उभीच ठेवायची), वेळ न पाळता लावायचं आणि मग पाकोळीच्या भरवशावर बसायचं हेही चालणार नाही. पण अमेरिकेत मोजलं आहे. टेक्सासच्या आठ काउंट्यांमधल्या (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा) कापसावर, बोंडअळीचे पतंग खाणाऱ्या वटवाघळांचं काम २००६ मध्ये हिशेबात धरलं तर वर्षाला सुमारे ७ लाख ४० हजार डॉलर भरलं.

त्याहून मला हलवून गेला तो २०२४ मध्ये 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात आलेला अभ्यास. अमेरिकेत २००६ पासून एका बुरशीच्या रोगानं कीटक खाणारी वटवाघळं गुहाच्या गुहा मेली. ज्या काउंट्यांमध्ये ती मेली तिथल्या शेतकऱ्यांचा कीटकनाशकांचा वापर सरासरी ३१ टक्क्यांनी वाढला. आणि तिथला बालमृत्युदर सुमारे ८ टक्क्यांनी चढला. वाघूळ गेलं, फवारा वाढला, पाळण्यातली पोरं गेली. हा धागा तिकडच्यांना आकडेवारीतून जुळवावा लागला. आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला त्यातला मधला दुवा समजावून सांगायची गरज नाही. तो त्याच्या घरात, पाठीवरच्या पंपात आहे.

आणि आपण काय करतोय? घरकुलाची स्लॅब आली, कवेलू गेले. चांगलंच झालं, माणसांना पक्कं घर हवंच. पण स्लॅबला फट नसते. गढ्या पडल्या, जुन्या पायऱ्यांच्या विहिरी बुजल्या. राहिलेल्या देवळांत आणि किल्ल्यांत सुशोभीकरण आलं, म्हणजे जाळ्या, रंग आणि रात्रभर जळणारे रंगीत दिवे. पाकोळीला राहायला जागा उरली ती शाळेच्या तुटक्या खिडकीच्या पेटीत आणि पंचायतीच्या जुन्या खोलीत, आणि तिथूनही 'घाण करते' म्हणून तक्रार.

फळबागवाल्यांची बाजू मात्र वेगळी आहे. माझ्या एका मित्राच्या दोन एकर पेरूला वाघळं एका रात्रीत जे करतात ते पाहिलं तर हा लेख त्यानं माझ्या तोंडावर मारला तरी मी काही बोलणार नाही. चिकू, पेरू, केळी यांचं नुकसान खरं आहे. त्यावर झाडावर किंवा घडावर जाळी हाच धड उपाय आहे. तिला पैसा लागतो, आणि कांदाचाळीला, ठिबकला जशी मदत मिळते तशी जाळीलाही मागायला हवी. मारून काम होत नाही हे मॉरिशसच्या सरकारनं २०१५ पासून हजारो वाघळं मारून पाहिलं. लिची-आंब्याचं उत्पन्न वाढलं नाही, जात मात्र धोक्यात गेली. संत्र्याचं अजून वेगळंच. आंबिया बहाराचं फळ रात्रीत गळतं, त्यावर बारीक भोक दिसतं, आणि ओरड वाघळाची होते. ते भोक बहुतेक वेळा रस शोषणाऱ्या पतंगाचं असतं, सुईसारख्या सोंडेनं पाडलेलं. वाघूळ फळाला सुई टोचत नाही, लचका तोडतं. टॉर्च घेऊन रात्री दहाला बागेत एक चक्कर मारली की चोर सापडतो.

वाघूळ किती उपयोगाचं आहे हे इतकं पटवून सांगताना मला थोडी लाजही वाटते. म्हाताऱ्या माणसाला घरात ठेवायचं की नाही हे त्याची पेन्शन बघून ठरवावं, तसं काहीतरी. माझ्या आईनं कधी असा हिशेब केला नाही. तिच्या दृष्टीनं चिंच गावाची, वाघळं चिंचेची, विषय संपला. पण ग्रामसभेत आईचं वाक्य चालत नाही, तिथे आकडा लागतो.

एका गोष्टीची मला आकड्यांपेक्षा जास्त काळजी आहे. उन्हाची. आमच्याकडे मेमध्ये पारा ४५-४६ वर जाणं ही आता बातमी राहिलेली नाही. अशा दुपारी चिंचेखाली उभं राहिलो तर वर शेकडो पंखे एकाच वेळी हलताना दिसतात. वाघळं पंखांनी वारा घेत असतात, स्वतःची थुंकी मनगटांना आणि पंखांना चाटून लावत असतात. संध्याकाळी पहिलं काम म्हणजे तलावावर सूर मारून पोट भिजवायचं, मग झाडावर जाऊन ते पाणी चाटायचं. ही कसरत एका मर्यादेपर्यंत चालते. २०२० च्या मेमध्ये गोरखपूरजवळ शेकडो वाघळं झाडाखाली मरून पडली. लोकांना वाटलं कोरोना. बरेलीच्या पशुवैद्यक संस्थेनं तपासून उन्हानं गेल्याचं सांगितलं. ऑस्ट्रेलियात जानेवारी २०१४ मधल्या उष्णतेच्या लाटेत पंचेचाळीस हजारांवर मेली. अशा मुलखात दाट सावलीचं, पाण्याजवळचं, कैक वर्षांचं झाड याला पर्याय नसतो. आपण पंधरा ऑगस्टला लावतो ते गुलमोहराचं रोप त्याच्या जागी उभं राहत नाही. आणि या झाडाखालीच शाळेची पोरं डबा खातात, हेही सभेत कोणी बोललं नाही.

मग ठरावात काय असावं? शहरातल्या पन्नास वर्षांवरच्या झाडाला राज्यानं २०२१ मध्ये वारसा वृक्ष म्हटलं, पण तो कायदा शहरापुरता. गावाच्या चिंचेला गावानंच राखायचं आहे आणि त्यासाठी लागणारं हत्यार पंचायतीच्या कपाटात पडलेलं आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक पंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही करावी लागते. आमचीही आहे. वरून तगादा आला तेव्हा घाईघाईत करून घेतलेली. मी ती काढून पाहिली. तिच्यात गावात कधीच न दिसलेल्या तीन पक्ष्यांची नावं आहेत, चिंच एका ओळीत 'चिंच' म्हणून आहे, आणि चारशे वाघळांचा उल्लेख नाही. शेजारच्या गावाची पाहिली तर त्यातही तेच तीन पक्षी. त्याच कायद्यात जागा वारसास्थळ म्हणून जाहीर करायची सोय आहे. गडचिरोलीत आलापल्लीचं जुनं सागवान २०१४ मध्ये असंच वारसास्थळ झालं. आमच्या एका चिंचेला तिथवर जायची गरज नाही. नोंदवहीत नीट नोंद आणि ग्रामसभेचा ठराव एवढं पुरे. झाड कोणत्याही कामासाठी तोडायचं नाही. त्यावर दिव्यांच्या माळा नाहीत, खाली हायमास्ट नाही. दिवाळीत आणि वरातीत तिथे फटाके नाहीत. टाकीला झाकण. त्या बाजूची वीजतार झाकलेली केबल व्हावी म्हणून अर्ज. पंचायतीच्या जुन्या खोलीतल्या पाकोळ्या मार्च ते जून हलवायच्या नाहीत, आणि झाडायला जाणाऱ्या माणसाला मास्क.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात शाळेतल्या पाच पोरांना घेऊन मी चिंचेपासून जरा दूर बसलो. सूर्य बुडाला. आधी नुसती कुरबूर, मग एक सुटलं, मग तीन, मग रांग लागली. वर्धा नदीच्या दिशेनं, हळू, कावळ्यापेक्षा कितीतरी हळू, जणू कोणालाच घाई नव्हती. प्रत्येकानं आपापलं मोजायचं आणि शेवटपर्यंत सांगायचं नाही असं ठरलं होतं. अंधार पडल्यावर वह्या उघडल्या. ३८८, ४१०, ३६२, ४०५. पाचव्या पोरीनं आकडा लिहिलाच नव्हता. का, विचारलं तर म्हणाली, "सर, एकाच्या पोटाले पिल्लू होतं. थे एक मोजाचं का दोन?"

तोवर मलाही ते सुचलं नव्हतं. आम्ही परत मोजणार आहोत, १४ ऑगस्टच्या संध्याकाळी.